शास्त्रीबुवांचं धरणं

"आमटीत मीठ जास्त पडलंय आणि चिंच जुनी आहे." शास्त्रीबुवा माझ्याशी बोलले ते पहिलं वाक्य हे. ते आमचे घरमालक. नवीन बिऱ्हाड थाटलं म्हणून मी कौतुकाने वाटीभर आमटी खाली नेऊन दिली होती. नव्या सुनेने आणलेली आमटी चांगलीच म्हणायची असते, एवढं जगातल्या सगळ्या म्हाताऱ्यांना कळतं. ह्यांना कळत नव्हतं. मी वर येऊन रडले, तर माझे यजमान म्हणाले, "अगं, मीठ खरंच जास्त होतं." म्हणजे हे गृहस्थ सकाळी तीच आमटी भुरकून मुकाट्याने शाळेत शिकवायला गेले होते. दोघांपैकी कुणावर रागवावं ते मला त्या दिवशी ठरवता आलं नाही.

संकठा घाटाच्या वरच्या गल्लीत शास्त्रीबुवांचं तीन मजली घर होतं. तळमजल्यावर ते एकटे, मधे आम्ही, आणि वर गोविंदराव, त्यांची बायको यमूवहिनी आणि मुलगी शकू. सगळे आपलेच, म्हणजे पूर्वजांनी कधीतरी गंगेकाठी येऊन ठाण मांडलेले दक्षिणी लोक. घरात मराठी आणि उंबरठ्याबाहेर पाय टाकला की हिंदी. खोल्या बघायला आलो तेव्हा यजमानांनी रिवाजाप्रमाणे विचारलं होतं, "हवेशीर आहेत ना?" बुवा म्हणाले, "नाहीत. गर्मीत भट्टी होते, बरसातीत भिंतीला ओल येते, माकडं खिडकीतून हात घालतात, आणि खाली मी राहतो. घ्यायच्या असतील तर घ्या." भाडं कमी होतं म्हणून घेतल्या. चौथी तक्रार सर्वांत मोठी होती, हे मागाहून कळलं.

खोटं न बोलण्याचं त्यांनी काही व्रत घेतलेलं नव्हतं. व्रत म्हटलं की ते खवळत. "खरं बोलायला धैर्य लागत नाही, खोटं बोलायला दुसरं काही सुचावं लागतं. मला सुचत नाही," असं म्हणत. धर्मशास्त्रात त्यांच्या तोडीचा माणूस आमच्या घाटांवर नव्हता. कुणाचं सुतक कधी फिटतं, कुठल्या मरणाला कुठला विधी, हे विचारायला भोसले घाटापर्यंतचे लोक त्यांच्याकडे येत. पण त्यांना कुणी जेवायला बोलावत नसे. एका लग्नात वरमाईने हौसेने विचारलं, "कशी आहे आमची सून?" तर म्हणाले, "नाक बसकं आहे. स्वभाव तुम्हांला कळेलच." यात्रेकरू विचारत, "बुवा, इथे श्राद्ध केलं म्हणजे वडिलांना मुक्ती मिळेल ना?" ह्यांचं उत्तर, "मी जाऊन बघितलेलं नाही. लिहिलंय ते सांगतो." यात्रेकरू गोंधळून दुसऱ्या दारात जाई. तिथले गुरुजी मुक्तीची खात्री देत आणि दक्षिणाही चांगली घेत.

राग तर नाकाच्या शेंड्यावर. माकडांना ते संस्कृतात शिव्या देत, भाडेकरूंना मराठीत आणि म्युन्सिपालटीच्या लोकांना हिंदीत. गल्लीतला सांड दारात आडवा बसला की त्याला मात्र हळू आवाजात "सरक बाबा" म्हणत, कारण तो ऐकत असे.

एक सवय मात्र अशी, की तिच्यापुढे माझा सगळा राग विरघळायचा. दुपारी पान वाढून झालं की बुवा सोवळ्यानेच दारात येत, गल्लीत दोन्ही बाजूंना पाहत आणि मोठ्याने विचारत, "कोई भूखा है?" कुणी असला तर आधी त्याला वाढत, नसला तर स्वतः बसत. मी एकदा विचारलं, रोज ओरडायचं कशाला? तेव्हा त्यांनी सांगितलं, "दारात माणूस उपाशी असताना घरात घास गिळला तर त्याचं पाप लागतं. ह्याच पापाला घाबरून पूर्वी काशीत कर्जं फिटायची." मग त्यांनी धरण्याची गोष्ट सांगितली. कुणी हक्काचं बुडवलं, की ब्राह्मण त्याच्या दारात जाऊन उपाशी बसायचा. तो उठेपर्यंत घरातल्या कुणी जेवायचं नाही. कोर्ट नाही, वकील नाही. घरातल्या बायकामुलांची पोटंच निकाल लावायची. बुवांच्या आजोबांचे आजोबा असे एका सावकाराच्या दारात बसले होते. पुढे इंग्रजांनी कायदा करून धरणं बंद पाडलं. "घाबरले," बुवा म्हणाले. "त्यांच्या दारात बसलो असतो तर त्यांना काही वाटलं नसतं. ते जेवले असते. पण त्यांचे कारकून आपले होते ना." तेव्हा मी हसले होते.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते सांगते. इतकी वर्षं झाली, मी म्हातारी झाले, तरी राग गेलेला नाही.

वरच्या मजल्यावरचे गोविंदराव रेल्वेच्या मालगोदामात कारकून होते. इतका शांत माणूस, की ते घरात आहेत की नाहीत हे आम्हांला त्यांच्या खोकल्यावरून कळे. मालगाडीच्या वाघिणी, म्हणजे डबे, पुढेमागे होताना एकदा एक हमाल त्यांच्या देखत चेंगरला. त्यानंतर विम्याचा एजंट गोदामात आला तेव्हा त्यांनी अपघाताचा विमा उतरवला. दरमहा पगारातून हप्ता जाई. यमूवहिनी कुरकुरत, तर म्हणत, "असू दे. वाघीण अंगावर आली तर शकूची शाळा सुटायला नको." वहिनी स्वतः शिकलेल्या होत्या. अक्षर मोत्यासारखं. दुपारी आम्ही बायका जमलो की त्या मोठ्याने पोथी वाचत, आणि आमची माहेरची पत्रं त्याच लिहीत. मुलीने आपल्यापेक्षा जास्त शिकावं, ही नवराबायकोची एकच हौस होती.

वाघीण काही अंगावर आली नाही. गोविंदराव घाटावर गेले, संध्या करताना.

सकाळी पायरीवर ते सोवळ्याने संध्येला बसले होते. आखाड्यातला एक पहिलवान बुडी मारून वर आला आणि त्याने त्यांच्या डोक्यावरच गमछा झटकला. शिंतोडे अंगावर, पळीपंचपात्रात, सगळीकडे. सोवळं गेलं. गोविंदराव म्हणाले, "देखके, भैया." तो हसला आणि मुद्दाम पुन्हा झटकला. आयुष्यभर मान खाली घालून बसलेल्या माणसाला त्या क्षणी काय झालं देव जाणे. ते उठले, त्याच्या हातातला गमछा हिसकला आणि गंगेत फेकून दिला. पहिलवानाने दोन्ही हातांनी त्यांच्या छातीवर धक्का दिला. मागे पायऱ्या होत्या. दगडाच्या कडेवर डोकं आपटलं. दुपारपर्यंत सगळं संपलं. शास्त्रीबुवा त्या वेळी कमरेएवढ्या पाण्यात उभे होते. त्यांनी सगळं पाहिलं, आणि शेवटी तोंडात गंगाजल त्यांनीच घातलं.

पहिलवानाला पोलिसांनी पकडलं. पुढे कोर्टाने त्याला कैदेतही धाडलं. हे लक्षात ठेवा, कारण कंपनीला ते लक्षात ठेवायचं नव्हतं.

क्रियाकर्माला नागपूरहून गोविंदरावांचे थोरले भाऊ आले. बोलायला गोड, वागायला कोरडे. त्यांनी हळूच सुचवलं, "ताप आला नि गेला असं सांगू या. मारामारीत गेला म्हटलं तर ते दुर्मरण. नारायणबळी करावा लागतो, चार लोकांत बोभाटा होतो, पुढे मुलीचं लग्न व्हायचंय."

बुवा कडाडले. "ताप? डोकं फुटलं त्याचं माझ्या डोळ्यांदेखत! ताप कुठून आणता तुम्ही? अपमृत्यू झालाय. पिशाचमोचन कुंडावर नारायणबळी होईल, उघड होईल आणि मी सांगेन तसा होईल." मग यमूवहिनींकडे वळून जरा खालच्या आवाजात म्हणाले, "शिवाय विम्याचं आहेच. तापाने मेला तर ते कशाला देतील? नारायणबळी झाला म्हणजे अपमृत्यू झाला. याहून मोठं प्रमाण त्यांना कोणतं हवं?"

आम्हां सगळ्यांना ते पटलं. आम्ही काशीचे लोक. एवढा मोठा विधी, तोही बुवांच्या तोंडून सांगितलेला, हाच पुरावा असं आम्हांला वाटलं. कलकत्त्यात बसलेल्या कंपनीलाही तसंच वाटेल अशी आमची समजूत. थोरले भाऊ विधी आटपून परत गेले. जाताना वहिनींना म्हणाले, "पैसे आले तर ठीक. नाही तर नागपूरला या. आमच्याकडे स्वयंपाकाला माणूस लागतंच. दोन घास मिळतील. शकूचं लवकर उरकून टाकू." म्हणजे विमा मिळाला तर घर आणि शाळा, नाही मिळाला तर जावेची चूल आणि परकर-पोलक्यातल्या पोरीच्या गळ्यात मंगळसूत्र. असा तो सौदा होता.

मग कंपनीचा तपासणीचा माणूस आला. तरुण, कोट घातलेला, अत्यंत नम्र. अशा नम्र माणसांची मला तेव्हापासून चीड आहे. त्याने दारात जोडे काढले, बुवांच्या पायांना हात लावला. मी जिन्यात उभी राहून ऐकत होते.

"पंडितजी, आप तो वहीं थे. गमछा किसने फेंका?"

"गोविंद ने."

"हाथ पहले किसने लगाया?"

"गमछे को गोविंद ने. गोविंद को उस गधे ने."

त्याने काहीतरी लिहून घेतलं. बुवांना राहवेना. त्यांनी आपणहून सांगितलं, "और लिखो, नारायणबलि हुई है. अपमृत्यु है यह."

"अच्छा? किस-किस की होती है, पंडितजी?"

बुवांना त्यांच्या विषयातला प्रश्न विचारला होता. त्यांनी खुलून सांगितलं. जो बुडाला, जो जळाला, साप चावला, झाडावरून पडला, ज्याने फास लावून घेतला, जो मारामारीत गेला. तो माणूस मान डोलवत लिहीत राहिला, पुन्हा पाया पडला आणि निघून गेला. बुवा मला म्हणाले, "शहाणा मुलगा आहे. नीट ऐकून घेतो."

कंपनीचं उत्तर आलं ते माझ्या यजमानांनी वाचून दाखवलं. मयताने स्वतः आगळीक करून भांडण ओढवून घेतलं, सबब हा अपघात नव्हे. हे प्रत्यक्ष पाहणाऱ्या विद्वान धर्मगुरूंनीच सांगितलं आहे. इतकंच नव्हे, तर आत्मघात करणाऱ्यांसाठी जो विधी सांगितला आहे तो त्यांनी मयतासाठी करवला, यावरून मयताच्या दोषाविषयी त्यांचीही खात्री दिसते. कळवण्यास वाईट वाटतं.

कळवण्यास वाईट वाटतं! ज्या सरकारच्या राज्यात ही कंपनी चालत होती त्याच सरकारचं कोर्ट म्हणत होतं, गुन्हा पहिलवानाचा. आणि कंपनी म्हणत होती, दोष मेलेल्याचा. शिंतोडे कुणी उडवले, कागदावर नाही. धक्का कुणी दिला, कागदावर नाही. सापाने दंश केला, झाडावरून पडला, हे सगळं गळालं आणि फास तेवढा उरला. ज्या माणसाने मुलीच्या शाळेसाठी हप्ते भरले, त्याला ह्यांनी कागदावर फासावर लटकवला. पोथी यमूवहिनींनी गोविंदराव गेल्या दिवशीच बासनात बांधून ठेवली होती. आता त्यांनी शकूची दप्तराची पिशवी धुऊन वाळत घातली आणि नागपूरला न्यायचं सामान वेगळं काढायला लागल्या.

गल्लीने दोष दिला तो बुवांना. "म्हाताऱ्याची जीभ विधवेला भोवली," असं घाटावर बायका उघड बोलू लागल्या. मीही तरातरा खाली गेले. म्हटलं, "बुवा, एक शब्द गिळला असता तर काय बिघडलं असतं?"

ते भिंतीकडे तोंड करून बसले होते. वळून म्हणाले, "गिळला असता तर त्यांनी दुसरा शोधला असता, सूनबाई. द्यायचंच नाही हे ठरवून आला होता तो. मी पूर्ण खरं दिलं. त्यांनी अर्धं ठेवलं, अर्धं फेकलं. उरलेलं अर्धं हे खोटं आहे, आणि ते माझ्या नावावर लिहिलंय." त्यांनी भिंतीवर हात आपटला. "ह्या वयापर्यंत मी एक खोटं बोललो नाही. पहिलं खोटं ह्या चोरांनी माझ्या तोंडात कोंबलं."

वकिलाला विचारलं, तर दावा कलकत्त्यात लावावा लागेल म्हणाला. आमच्यापैकी कलकत्ता पाहिलेलं कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बुवा गंगेवर स्नान करून घरी परतलेच नाहीत. दर्भासन आणि लोटा घेऊन ते थेट चौकात गेले. तिथे कंपनीची कचेरी होती. तळमजल्यावर कचेरी आणि वर मॅनेजरचं घर. मॅनेजर इथलाच, चांगल्या घरातला माणूस. घरात बायको, मुलं आणि म्हातारी आई. बुवांनी पायरीवर आसन घातलं. मॅनेजर खाली आला तेव्हा त्याला म्हणाले, "धरना दे रहा हूँ. उस विधवा का हक जब तक नहीं देते, मैं नहीं खाऊँगा. मैं न खाऊँ तो तुम्हारे घर में भी कोई न खाए. पुराना कायदा है, अपनी माँ से पूछ लो."

मॅनेजर शहाणा होता, आईला विचारायला गेला नाही. त्याने हलवायाकडून कचोरी-जिलेबीची पत्रावळ मागवून बुवांपुढे ठेवली आणि हात जोडून आत गेला. बुवांनी तिच्याकडे बघितलंही नाही. चौकातल्या सांडाने ती खाल्ली.

मी रोज सकाळी कळशीत गंगाजल घेऊन जाई. तेवढंच ते घेत. ऊन वाढत होतं, ओठ फुटले होते, पण तोंड चालूच. कचेरीत शिरणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला थांबवून ते विचारत, "बीमा कराने जा रहे हो? गमछा तो नहीं फेंकोगे?" लोक हसत आणि परत फिरत. वरच्या झरोक्यात मॅनेजरची आई दिसे. गिऱ्हाईक नसलं की बुवा तिला ऐकू जाईल असं ओरडत, की तिकडे विधवा सामान बांधतेय. ती नुसती बघत असे. मग एके दिवशी माझ्या लक्षात आलं, की वरच्या धुराड्यातून धूर येईनासा झालाय. मॅनेजर कोपऱ्यावरच्या दुकानात उभ्याने पुरी खात होता. तेवढ्यात वरून त्याच्या आईचा आवाज आला, सगळ्या चौकाला ऐकू जाईल असा, "बाभन दुआरे भूखा बइठल हौ, अउर तू उहाँ ठूँसत हउअ?"

मॅनेजरने पोलिसांना बोलावलं. दरोगा, म्हणजे फौजदार, आला तो बनारसचाच होता. बिचारा अवघडून बुवांच्या शेजारी उकिडवा बसला. म्हणाला, "पंडितजी, कानून में लिखा है. दरवाजे पर धरना देना, देवता के कोप का डर दिखाना, जुर्म है."

बुवांचा चेहरा उजळला. "सरकारने आमच्यासाठी वेगळं कलम लिहून ठेवलंय?" ते माझ्याकडे बघून मराठीत म्हणाले. "म्हणजे अजून घाबरतात!"

दरोगाने आवाज खाली आणला. "आप बस इतना कह दीजिए कि थक गए थे, जरा सुस्ता रहे हैं. सुस्ताने पर कोई कानून नहीं. मैं लौट जाऊँगा, आप बैठे रहिए."

मला वाटलं देवच पावला. मी म्हटलं, "बुवा, म्हणा ना. थकलात हे तरी खोटं आहे का?"

"थकलोय," बुवा म्हणाले. "पण थकलो म्हणून बसलेलो नाही." आणि दरोगाकडे वळून, "लिख लो. धरना है. डर भी दिखा रहा हूँ. डरना चाहिए इसको."

त्या क्षणी त्यांचा इतका संताप आला मला, की कळशी तिथेच आपटावी. त्यांना दोन शिपायांनी काखेत हात घालून उठवलं, कारण पाय उभे राहीनात. आसन पायरीवरच राहिलं. इक्क्यात घालून त्यांना कोतवालीकडे नेलं. मॅनेजरने सुटकेचा निःश्वास टाकला आणि धोतराचा सोगा झटकला.

मग जिन्यावर काठीचा आवाज आला. त्याची आई एकेक पायरी उतरत खाली आली. पांढरं लुगडं, वाकलेली कंबर. ती दारात आली आणि बुवांच्या दर्भासनाला नमस्कार करून त्याच्या शेजारी, नुसत्या दगडावर, मांडी घालून बसली.

"अम्मा, ई का?"

"ऊ चल गइलन, त जगह खाली थोड़े रही."

"अम्मा, कंपनी का कायदा है. मेरे हाथ में कुछ नहीं."

"त कंपनी के अम्मा के बोलाव. ऊ आके बइठें, हम उठ जाब."

सगळा चौक गोळा झाला. मागे राहिलेले शिपाई एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागले. स्वतःच्या मुलाच्या दारात बसलेल्या आईला कुठलं कलम लावायचं, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. मी कळशीतलं उरलेलं गंगाजल तिच्या ओंजळीत ओतलं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "बिधवा तूहीं हऊ?" मी मान हलवून नाही म्हटलं. ती म्हणाली, "ओसे कहिह, सामान न बाँधे."

मॅजिस्ट्रेटने बुवांना म्हातारा म्हणून दम देऊन सोडलं. ते कोतवालीतून निघाले आणि पुन्हा सरळ पायरीवर आले. आसनाशेजारी म्हातारीला बघून थबकले. त्यांना आनंद झाला असेल, पण बोलले ते असं, "बायकांनी धरणं धरल्याचं वचन माझ्या वाचनात नाही." मग जरा विचार करून हिंदीत म्हणाले, "पर बैठिए." दोघं शेजारीशेजारी बसली. मॅनेजरने त्याच दिवशी कलकत्त्याला तार केली. तारेत काय लिहिलं ते कुणाला कळलं नाही, पण आई उपाशी आहे हे त्यात नक्की असणार.

पैसे आले. मॅनेजर आणि त्याचा कारकून आमच्या घरी आले ते शाईचं पॅड आणि पावती घेऊन. यमूवहिनी विधवेचं आलवण नेसून तळमजल्यावर दाराआड बसल्या होत्या. मी त्यांच्याजवळ होते, बुवा अंगणात. यजमान पावती वाचता वाचता मधेच थांबले आणि त्यांनी तेवढं पुन्हा वाचलं. त्यात लिहिलं होतं, की माझ्या पतीचं मरण त्यांच्या स्वतःच्या आगळिकीमुळे ओढवलं हे मी मान्य करते, कंपनीवर माझा कसलाही हक्क नव्हता, आणि ही रक्कम कंपनीने केवळ दयाबुद्धीने दिली आहे.

दयाबुद्धी! दोन म्हातारी माणसं दगडावर उपाशी बसली तेव्हा फुटलेली ती दया. मला वाटलं आता बुवा पावती फाडून मॅनेजरच्या तोंडावर फेकणार. पण त्यांनी ती फाडली नाही.

आतून वहिनींचा आवाज आला. कितीतरी दिवसांनी त्या बोलत होत्या. "बुवा, सोडून देऊ का पैसे?"

"सोडू नकोस. पैसे खरे आहेत. कागद खोटा आहे."

"मग त्याच्याखाली माझं नाव कसं लिहू?"

धर्मशास्त्रातल्या कुठल्याही प्रश्नाला शास्त्रीबुवांचं उत्तर तयार असे. आज नव्हतं.

कारकुनाने टाक पुढे केला. यमूवहिनींनी दारातून हात बाहेर काढला, टाक बाजूला सारला आणि अंगठा शाईच्या पॅडवर दाबला. मग पावतीवर. गल्लीतल्या सगळ्या बायकांची पत्रं लिहिणाऱ्या बाईने अडाण्यासारखा अंगठा उठवला. कायद्याने अंगठा काय नि सही काय, दोन्ही सारखेच. पण त्या खोट्याखाली स्वतःचं नाव तिने लिहिलं नाही.

अंगठ्याला साक्षीदार लागतो. कारकुनाने कागद बुवांपुढे धरला आणि नियमाप्रमाणे विचारलं, "पंडितजी, इनको दस्तखत करना नहीं आता न?"

यजमानांनी डोळे मिटले. हा माणूस वाटीभर आमटीसाठी खोटं बोलला नव्हता, कोतवालीत जायची पाळी आली तरी बोलला नव्हता.

बुवांनी पावती हातात घेतली, शांतपणे पूर्ण वाचली आणि म्हणाले, "इस कागज पर नहीं आता."

कारकुनाने त्यातलं हवं तेवढं ऐकलं. त्या लोकांना अर्धं ऐकायची सवयच होती. बुवांनी "अंगठा तिचाच" एवढं लिहून खाली सही केली. पैसे ठेवून ते दोघं जोडे घालून गल्लीत उतरले. ते दहा पावलं गेले असतील नसतील, तोच शास्त्रीबुवा घराचे वासे हलतील अशा आवाजात ओरडले, "यमे! पोथी काढ. आण इथे दारात. आणि मोठ्याने वाच!"

वहिनी पोथी घेऊन आल्या. शाईच्या अंगठ्याने त्यांनी बासन सोडलं, पान काढलं आणि वाचायला सुरुवात केली. आधी आवाज फुटेना. मग फुटला, आणि खणखणीत फुटला. गल्लीच्या वळणावर मॅनेजर आणि कारकून थांबले आणि मागे वळून बघू लागले. बुवा उंबरठ्यावर उभे राहून त्यांच्याकडे रोखून बघत होते. "अजून मोठ्याने," ते म्हणाले. "अजून दिसतायत."